मातीचे पात्र आणि ईश्वरी कृपा : ख्रिस्ती विचारातील अपूर्ण माणसाचे स्थान

प्रस्तावना :
ईश्वर आपले कार्य निर्दोष व्यक्तींकरवीच घडवितो, अशी अपेक्षा श्रद्धावंताच्या मनात स्वाभाविकपणे असते. ख्रिस्ती विचारपरंपरेने मात्र कर्ता आणि साधन यांत भेद केला आहे. या भेदाचे स्वरूप व त्याची मर्यादा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बायबलमधील आधार :
मोशे जड जिभेचा होता. तरीही इस्राएल लोकांना मिसर देशातून बाहेर काढण्याचे कार्य त्याच्यावर सोपविले जाते. पेत्र येशूला तीनदा नाकारतो आणि पुढे प्रारंभिक मंडळीचा अग्रणी होतो. मंडळीचा छळ करणारा पौल प्रेषित ठरतो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याने मातीच्या भांड्यातील संपत्तीची प्रतिमा योजली आहे. भांडे साधे असल्याने सामर्थ्य ईश्वराचेच आहे हे उघड होते, असा तिचा आशय आहे.

दोनातवाद्यांचा वाद :
इ.स. ३०३ मध्ये सम्राट डायोक्लेशनच्या काळात सुरू झालेल्या छळात उत्तर आफ्रिकेतील काही धर्मगुरूंनी पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केले. अशांच्या हातून झालेले संस्कार वैध मानावेत काय, असा प्रश्न पुढे निर्माण झाला. दोनातवाद्यांचे उत्तर नकारार्थी होते. बाप्तिस्मा देणारा खरा कर्ता ख्रिस्तच होय, असा प्रतिवाद हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने केला. इ.स. ४११ मध्ये कार्थेज येथील परिषदेत निर्णय दोनातवाद्यांच्या विरोधात गेला. धर्मगुरूचे अंतःकरण तपासणे सामान्य श्रद्धावंताला शक्य नसते. त्यामुळे त्याच्या दृष्टीने हा सिद्धांत मोठा आधार ठरला.

मराठी संदर्भ :
रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांची भक्तिगीते मराठी ख्रिस्ती उपासनेचा भाग बनली. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांचा तापटपणा व अव्यवहारीपणा लपविलेला नाही. तरीही त्यांच्या श्रद्धेविषयीचा आदर कोठेही उणावत नाही. १९१९ मध्ये टिळकांच्या निधनाने अपूर्ण राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनीच पुढे नेले. शालेय शिक्षण न लाभलेल्या या स्त्रीच्या हातून हे कार्य झाले, हे येथे लक्षणीय आहे.

मर्यादा व निष्कर्ष :
या सिद्धांतातून दोषांना अभय मिळते, असा अर्थ काढणे योग्य नव्हे. दावीद राजाच्या अपराधाबद्दल नाथान संदेष्टा त्याला तोंडावर दोषी ठरवितो. दावीदाला पश्चात्ताप करावा लागतो आणि परिणामही भोगावे लागतात. ईश्वर एखाद्याचा उपयोग करून घेतो म्हणून त्याच्या वर्तनाला संमती मिळत नाही. कृपा माणसाच्या पात्रतेवर अवलंबून नसते. उत्तरदायित्व मात्र माणसाचेच राहते. या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या तरच हा विचार पूर्णत्वाने समजतो.