पाल, बाल की माल?

कॉक्लिअर इम्प्लांटच्या, म्हणजे आतल्या कानात इलेक्ट्रोड बसवण्याच्या, शस्त्रक्रियेची जखम भरली की साधारण दोन ते चार आठवड्यांनी बाहेरचा प्रोसेसर पहिल्यांदा सुरू करतात. त्या दिवशी घरच्यांना चमत्कार हवा असतो. मोठेपणी बहिरेपण आलेल्या माणसाला मात्र बहुधा बीप-बीप किंवा कार्टूनसारखा चिरका आवाज येतो. बायकोचाही आवाज ओळखू येत नाही. यंत्र बिघडलेलं नसतं. धडधाकट कानात आवाज मेंदूकडे धाडणाऱ्या पेशी साडेतीन हजारांच्या घरात असतात, इथे ते काम १२ ते २२ इलेक्ट्रोडांवर येतं. एवढ्या तुटपुंज्या खुणांवरून शब्द ओळखायला मेंदूला वेळ लागणारच.

प्रत्येक इलेक्ट्रोडवर कमीत कमी किती विद्युतप्रवाह जाणवतो आणि जास्तीत जास्त किती सोसवतो, हे ऑडिऑलॉजिस्ट ठरवतात. हेच मॅपिंग, सुरुवातीच्या महिन्यांत ते वरचेवर बदलतं. घरी रोज सकाळी आ, ई, ऊ, म, श, स एवढे सहा ध्वनी ऐकून पाहायचे. कालपर्यंत येणारा ‘स’ आज येत नसेल, तर आधी बॅटरी आणि माइक बघा.

मग सराव. पंखा बंद. बोलणाऱ्याने इम्प्लांटच्या बाजूला बसायचं. दुसऱ्या कानात श्रवणयंत्र असेल तर तेवढ्यापुरतं काढायचं. आणि ओठ झाकायचे, कारण ते वाचायची सवय वर्षानुवर्षांची असते. हात धरला तर आवाजही दबतो, म्हणून भरतकामाच्या रिंगमध्ये पातळ कापड ताणून ते तोंडासमोर धरतात. गंमत म्हणजे पाल, बाल, माल हे तिन्ही ओठांवर सारखेच दिसतात. तिथे कानाशिवाय गत्यंतरच नाही.

शब्द आधी कागदावर लिहून समोर ठेवा. त्यांतला कोणता म्हटला, एवढंच ओळखायचं. सुरुवात ‘घर’ आणि ‘स्वयंपाकघर’ अशा लांबीच्या फरकापासून. पुढे ‘ताट’ आणि ‘दाट’. ‘वेल’ आणि ‘वेळ’ फार चिवट, कारण तिथे फरक फक्त ‘ल’ आणि ‘ळ’ या जवळच्या व्यंजनांचा असतो. चुकलं की घरची मंडळी ओरडून सांगतात. ओरडल्याने शब्द आणखी विद्रूप होतो. कागदावर बोट ठेवून दाखवा आणि दोन्ही शब्द पुन्हा नेहमीच्या आवाजात म्हणा.

जमू लागलं की कागद काढून घ्यायचा. बातमीतला एकेक तुकडा वाचा, ऐकणाऱ्याने तो जसाच्या तसा म्हणायचा. पाच मिनिटांत किती शब्द झाले ते कॅलेंडरवर टिपून ठेवा. आकडा वाढला की पंखा लावा. मग शेजारच्या खोलीत टीव्ही. फोन त्यानंतर, आणि तोही आधी घरच्याच माणसाचा.