साचा घरी राहावा, माती पाण्यात जावी

श्रावण शुद्ध पंचमीस गोमंतकातील पुष्कळ घरांत पाटावर मातीचा नाग पुजला जातो. महिनाभराने, भाद्रपद चतुर्थीस, माटोळीखाली गणपती विराजमान होतो. हे दोघेही पाहुणे मातीतून येतात आणि पूजा आटोपल्यावर पाण्यावाटे मातीत मिळतात, अशी आपली श्रद्धा आहे. ती खरी राहावयाची असेल, तर मूर्ती कशाची घडते आणि कोणाच्या हातून घडते, या दोन्ही गोष्टींकडे लक्ष पुरवणे आवश्यक झाले आहे.

प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती वजनाला हलक्या, किमतीला स्वस्त आणि दिसावयास गुळगुळीत असतात. म्हणूनच त्यांनी बाजारात लवकर जम बसवला. परंतु प्लास्टर म्हणजे जिप्सम. ते एक लिटर पाण्यात जेमतेम दोन ग्रॅम विरघळते. त्यामुळे विसर्जनानंतर अशी मूर्ती तळाशी दीर्घकाळ तशीच पडून राहते व तिच्यावरील रासायनिक रंग पाण्यात उतरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनासंबंधी २०१० साली मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मे २०२० मध्ये त्या सुधारून नैसर्गिक मातीच्या मूर्तींचा स्पष्ट पुरस्कार केला. गोव्यातही प्लास्टरच्या मूर्तींना मनाई आहे. मातीच्या मूर्ती घडविणाऱ्या कारागिरांना गोवा हस्तकला, ग्रामीण व लघुउद्योग विकास महामंडळामार्फत अनुदानही दिले जात आले आहे.

मात्र केवळ मनाईने माती हाताशी येत नाही. घरच्या माणसाला, विशेषतः मुलांना, मातीची वस्तू स्वतः करता आली तरच तिची आवड टिकेल. या कामी प्लास्टरचाच उत्तम उपयोग करून घेता येतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. प्लास्टरची मूर्ती वाईट. परंतु प्लास्टरचा साचा मातीचा मोठा मित्र आहे. मूर्ती पाण्यात जाते, साचा घरी राहतो व पुढील वर्षी पुन्हा कामास येतो. असा साचा घरच्या घरी कसा करावा आणि त्यातून लहान वस्तू कशा काढाव्यात, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

साचा म्हणजे नक्कल नव्हे

साच्यातून काढलेली वस्तू म्हणजे कलेला उतरती कळा, असा एक समज आहे. इतिहास त्याला दुजोरा देत नाही. मराठवाड्यातील तेर आणि तेलंगणातील कोंडापूर या प्राचीन स्थळी सातवाहनकाळातील ज्या पांढऱ्या मातीच्या सुबक मूर्ती सापडल्या, त्यांतील अनेक दुहेरी साच्यातून काढलेल्या आहेत. पुढचा अर्धा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्या साच्यात दाबून दोन्ही भाग जोडावयाचे, ही ती रीत. आपल्या चित्रशाळांतूनही बैठक, धड किंवा उंदीर साच्यातून काढतात आणि सोंडेचे वळण, दागिन्यांची कलाकुसर व डोळ्यांची आखणी हाताने करतात. साचा देह देतो, मुद्रा हात देतो. नवशिक्याचा धीर पहिल्याच दिवशी खचू नये, एवढेच साच्याचे काम आहे.

प्लास्टर पाणी का शोषते

जिप्सम सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले असता त्यातील बांधलेल्या पाण्याचा तीन चतुर्थांश भाग निघून जातो व पांढरी पूड उरते. तेच प्लास्टर. त्यात पाणी मिसळताच ते गेलेले पाणी परत घेते आणि घट्ट होते. या क्रियेसाठी १०० भाग पुडीला अवघे १८ ते १९ भाग पाणी पुरेसे असते. परंतु मिश्रण ओतण्याजोगे व्हावे म्हणून आपण सुमारे ७० भाग घालतो. जास्तीचे पाणी पुढे वाळून जाते व आपल्या जागी असंख्य सूक्ष्म छिद्रे सोडते. ओली माती दाबली की ही छिद्रे तिच्यातील पाणी ओढून घेतात. माती किंचित आकसते आणि साच्यापासून आपोआप सुटते. साच्याची सारी करामत या छिद्रांत आहे. म्हणून साचा जितका कोरडा, तितका तो गुणकारी.

मातीची तयारी

शेताच्या किंवा तळ्याच्या काठची चिकण माती, अथवा बाजारातील शाडू, यांपैकी कोणतीही चालेल. माती वाळवून फोडावी व दोन दिवस पाण्यात भिजत ठेवावी. मग ढवळून बारीक चाळणीतून गाळावी, म्हणजे खडे व मुळ्या निघून जातील. गाळलेला चिखल जाड कापडावर पसरून कणकेइतका घट्ट होऊ द्यावा आणि आतील हवा निघून जाईपर्यंत मळावा. बोटाला चिकटत नाही व वाकवली असता चिरत नाही, अशी माती तयार समजावी. न भाजावयाच्या वस्तूंसाठी तीत थोडा पिंजलेला कापूस मळल्यास तडे कमी जातात. तयार माती ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावी.

साचा करण्याची रीत

आरंभी एकाच भागाचा साचा करावा. उदाहरणादाखल १२ सेंटिमीटर उंच, ८ सेंटिमीटर रुंद व ३ सेंटिमीटर उठावाचा, सपाट पाठीचा नाग घेऊ. माती वाळताना आकसते, म्हणून मूळ नमुना इच्छित मापापेक्षा सुमारे एक दशांशाने मोठा करावा.

काचेच्या तुकड्यावर मातीचा नमुना घडवावा. तो पूर्ण झाल्यावर बरोबर डोक्यावरून, सरळ खाली पाहावे. त्याचा प्रत्येक भाग वरून दिसला पाहिजे. फणा खालच्या बाजूने आत वळला असेल किंवा वेटोळ्यांच्या कडेला खोबण राहिली असेल, तर माती त्या जागी साच्यात अडकेल व वस्तू मोडेल. अशा जागा मातीने भरून कडा बाहेरच्या बाजूस उतरत्या कराव्यात. साचा बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण ही आत वळलेली जागाच होय.

नमुन्याभोवती चारी बाजूंनी ३ सेंटिमीटर जागा सोडून लाकडी पट्ट्यांची चौकट उभी करावी व फटी मातीने बुजवाव्यात. चौकटीची उंची नमुन्यापेक्षा ३ सेंटिमीटर अधिक असावी. एवढ्या साच्यास सव्वा किलो प्लास्टर व ८७५ मिलिलिटर पाणी लागते. पाणी पुडीत ओतू नये. पूड चिमटीचिमटीने पाण्यात पेरावी. ती एकदोन मिनिटे भिजू द्यावी आणि मग काठीने तळापासून हळूहळू ढवळावे. फेस होता कामा नये. मिश्रण सायीसारखे दाट होऊ लागले की चौकटीच्या एका कोपऱ्यातून बारीक धारेने सोडावे, म्हणजे ते स्वतःच नमुन्यावर चढेल. शेवटी पाट हलकेच ठोकावा, म्हणजे अडकलेले बुडबुडे वर येतील.

प्लास्टर घट्ट होताना गरम होते. त्यात हात किंवा बोटे बुडवून ठेवू नयेत; गंभीर भाजण्याचा धोका असतो. मुलांचे हातापायांचे ठसे तर प्लास्टरमध्ये कदापि घेऊ नयेत. पूड नाकातोंडात जाऊ नये म्हणून रुमाल बांधावा. भांडे धुतलेले पाणी मोरीत ओतू नये, कारण ते नळीत दगडासारखे बसते. उरलेले मिश्रण भांड्यातच घट्ट होऊ द्यावे व खरवडून कचऱ्यात टाकावे.

अर्ध्या तासाने चौकट काढून साचा उलटा करावा व आतील माती लाकडी चमच्याने काढावी. साचा पुसून हवेशीर सावलीत किमान आठवडाभर वाळवावा. चुलीवर किंवा शेगडीजवळ ठेवू नये. ५० अंशांहून अधिक उष्णतेने प्लास्टर भुसभुशीत होते.

या बाबतीत प्रस्तुत लेखकाचा अनुभव सांगण्याजोगा आहे. एका गावी महिला मंडळासाठी प्रात्यक्षिक ठरले होते. श्रावण तोंडावर आला म्हणून पंधरा दिवस आधी मी घरी हौसेने साचा केला. बाहेर पाऊस, घरात दमट हवा. साच्यावर बुरशी आली आणि प्रात्यक्षिकाच्या दिवशी नागाचा फणा साच्यात राहून धड तेवढे हाती आले. मंडळातील एक वयस्क मावशी, ज्यांचे माहेर चित्रशाळेचे, शांतपणे म्हणाल्या, “साहेब, साचा चैत्रात करायचा असतो. पावसात फक्त माती दाबायची.” माझ्या टिपणात प्लास्टरचे सारे प्रमाण होते, हे एक वाक्य मात्र नव्हते.

साच्यातून वस्तू काढणे

मातीचा एकच गोळा घ्यावा. त्यावर घडी किंवा सुरकुती नसावी. तो साच्याच्या मध्यभागी ठेवून अंगठ्याने मध्यापासून कडांकडे दाबत न्यावा. पाठीवरील जास्तीची माती ताणलेल्या दोऱ्याने कापावी व मागून कोरून सर्वत्र सुमारे १ सेंटिमीटर जाडी ठेवावी. जाडी कमीअधिक राहिली, तर पातळ भाग आधी वाळतो आणि तडा जातो. वीस ते तीस मिनिटांत कडा सुटलेल्या दिसतील. मग वर फळी ठेवून दोन्ही उलटावे व साच्यावर बोटांनी टिचक्या माराव्यात. वस्तू अलगद उतरते. नाग उभा राहावा म्हणून पाठीमागे मातीचाच आधार द्यावा. जोडाच्या दोन्ही बाजू खरवडून त्यांवर पातळ चिखल लावल्याखेरीज जोड टिकत नाही.

यानंतरचे काम हाताचे. ओल्या कुंचल्याने कडा पुसाव्यात, खवले काडीने रेखावेत, डोळे बसवावेत. पहिले दोनतीन दिवस वस्तू कापडाखाली सावकाश वाळू द्यावी.

लागोपाठ चारपाच वस्तू काढल्या की साचा ओला होतो व माती सुटेनाशी होते. त्या वेळी जोर न लावता साच्यास विश्रांती द्यावी. नीट सांभाळल्यास एका साच्यातून पन्नास ते शंभर वस्तू सहज निघतात. भाजलेल्या मातीचा साचा त्याहून टिकाऊ असतो. तो पाणी कमी शोषतो, म्हणून त्यास आतून शंखजिऱ्याची पूड लावावी लागते.

कच्चे आणि भाजलेले

विसर्जनाच्या वस्तू भाजू नयेत. भाजलेली माती पुन्हा चिखल होत नाही. उलट पणती, घंटा, तोरणाचे मणी, भिंतीवरील पदके यांना भाजणे अवश्य आहे. त्यासाठी घरात खटाटोप न करता वस्तू पूर्ण वाळवून कुंभाराच्या आव्यात द्याव्यात. ओलसर वस्तू आव्यात फुटते व शेजारच्या वस्तूंचेही नुकसान करते. साच्याचा कपचा मातीत गेला असेल, तर भाजल्यानंतर तेथील पापुद्रा उडतो. म्हणून कडा तुटू लागलेला साचा बाद करावा, आणि तोही नदीत न टाकता कचरा गोळा करणाऱ्यांच्या स्वाधीन करावा. डिचोलीच्या कुंभारांचे काम आपल्या परिचयाचे आहेच. शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूरही कुंभारकामासाठी प्रसिद्ध आहे. त्यांच्याकडे नुसते गिऱ्हाईक म्हणून न जाता शिकण्यासाठीही जावे.

विसर्जनाच्या मूर्तीस हळद, काव, पिवडी आणि खडू एवढे रंग पुरेत. तैलरंग दिल्यास मातीची मूर्ती घेण्याचा हेतूच पुष्कळसा विफल होतो.

समारोप

चित्रशाळेतील काम हंगामी असते, मेहनतीचे असते आणि त्याचा मोबदला बेताचाच मिळतो. घरातील तरुण मुले अन्य व्यवसायांकडे वळली, तर त्यांना दोष देता येणार नाही. परंतु ज्याने स्वतः एक नाग दाबून काढला, त्याचा फणा मोडला व पुन्हा केला, त्याला मातीच्या मूर्तीची किंमत जास्त का, हे सांगावे लागत नाही. असे गिऱ्हाईक तयार होणे हाच कारागिराला खरा आधार आहे. शाळा व महिला मंडळे यांनी यंदा चैत्रात एकेक साचा करून ठेवला, तर श्रावणात तो कोरडाठणठणीत हाती येईल.

त्या मावशींनी प्रात्यक्षिकानंतर मला आपल्या माहेरचा एक जुना साचा दाखवला. कडा झिजलेल्या होत्या, खवले पुसट झाले होते. त्या म्हणाल्या, “यातला नाग आता नीट निघत नाही. पण डोळे कुठे काढायचे, ते कळतं.” तेवढे कळणारे हात गावागावांत असोत.