हुशार मूल वाचताना का अडखळतं?

आरत्या तोंडपाठ, गोष्ट एकदा ऐकली की जशीच्या तशी सांगणार. पण पुस्तक उघडलं की गाडी अडते. अशा मुलाला ‘आळशी’, ‘लक्षच नाही’ असे शेरे फार लवकर चिकटतात.

१८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी १४ वर्षांच्या पर्सीची हकीकत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापली. शिक्षण सगळं तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकांचं मत होतं. पुढच्या संशोधनातून कळलं, की डिस्लेक्सिया हा बुद्धीचा दोष नाही. शब्दातले आवाज सुटे करणं आणि ते अक्षरांशी जोडणं अशा मुलांना जड जातं. म्हणूनच ‘शंभर वेळा लिही’ या शिक्षेने काही साधत नाही. आवाज आणि अक्षर यांचं नातं पायरीपायरीने, पुन्हा पुन्हा उलगडून दाखवावं लागतं.

आपल्या देवनागरीच्या स्वतःच्या खोड्या आहेत. ‘कि’मध्ये वेलांटी आधी दिसते, उच्चार मात्र नंतर होतो. असे शब्द वाचायला जास्त वेळ लागतो, हे ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदीच्या अभ्यासात दाखवलं. जोडाक्षरं तर आणखी अवघड. तेव्हा घरी एका वेळी एकच मात्रा घ्या. टाळ्या वाजवत शब्दाचे तुकडे पाडा. ताटात रवा पसरून, आवाज मोठ्याने म्हणत अक्षर गिरवू द्या. जोडाक्षर फोडून दाखवा.

आपल्याकडे आणखी एक पेच असतो. घरात मराठी, शाळेत कन्नड, गुजराती किंवा इंग्रजी. दोन भाषांमुळे डिस्लेक्सिया होत नाही. पण शाळेची भाषा नवी असेल, तर केवळ सराव कमी पडल्यानेही मूल अडखळतं. हा फरक ओळखायला, मूल ज्या ज्या भाषांत वाचायला शिकलंय त्या सगळ्यांत तपासणी हवी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठी, हिंदी, कन्नड आणि इंग्रजीत आहे. त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र असल्यास बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून ते टाळू नका.

आणि रोज रात्री मुलाला वाचून दाखवा. त्याचं वाचन मागे असलं, तरी गोष्टींची भूक मागे नसते.