काचपेटींतील समुद्र

१८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें आणि सागरी जीव काचेच्या टांकींत पाहण्याचा छंद पुढें जगभर पसरला. टांकी भरणें सोपें. पाणी राखणें कठीण. समुद्र अफाट, म्हणून त्याच्या पाण्याचे गुण सहसा हळूहळूच बदलतात. टांकीचें तसें नाहीं.

एक हिशेब पाहावा. लिटरभर समुद्रजलांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. १०० लिटरांच्या टांकींत साडेतीन किलो. त्यांतलें १० लिटर पाणी वाफ होऊन उडालें, तरी क्षार मागेंच राहतात व प्रमाण ३९ ग्रॅमांपर्यंत चढतें. ही तूट खाऱ्या पाण्यानें भरल्यास क्षार वाढतच जातील. म्हणून ती रोज थोडथोड्या शुद्ध गोड्या पाण्यानेंच भरावी.

दुसरा शत्रु अमोनिया. माशांच्या उत्सर्गांतून व उरलेल्या अन्नांतून तो निर्माण होतो. वाळूदगडांवर वाढणारे सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट व मग पुष्कळ सौम्य असें नायट्रेट करितात. या जंतूंचें बस्तान बसण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. तत्पूर्वीं टांकी माशांनीं भरणें म्हणजे त्यांस विषांत लोटणें होय. साठलेलें नायट्रेट कमी करण्यासाठीं कांहीं पाणी वेळोवेळीं बदलावें.

प्रवाळ पाण्यांतील कॅल्शियम व बायकार्बोनेट घेऊन आपला सांगाडा बांधितात. जितकें खर्चीं पडेल तितकें पुन्हां पुरवावें लागतें. मात्र आंकडा चुकला म्हणून तो एका दिवसांत सुधारूं नये. किंचित् उण्याअधिक पाण्याची संवय जीवास होते. अकस्मात् पालट त्यास सोसत नाहीं. मुक्या जिवांस घरीं आणणाऱ्या गृहस्थानें मोजमाप नित्य करावें आणि दुरुस्ती शनैः शनैः करावी.