अंतराचा रिमाइंडर आणि नवऱ्याचा फोन: आशाताईंच्या ट्रेनिंगमध्ये नेमकं काय शिकवतात?

आजच्या एपिसोडचं हे ट्रान्सक्रिप्ट. नेहमीप्रमाणे माझे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे उडवलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

विषयाकडे एका बगमधून येऊ. बग माझाच आहे.

मी वीकेंडला एका छोट्या संस्थेसाठी फुकटात कोडिंग करून देतो. पुणे जिल्ह्यातल्या गावांमध्ये आरोग्य कार्यकर्त्यांना ट्रेनिंग देणं हे त्यांचं काम. त्यांनी मला विचारलं, की अंतरा घेणाऱ्या बायका पुढची तारीख विसरतात, त्यांच्यासाठी काही रिमाइंडर करता येईल का? अंतरा म्हणजे सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारं गर्भनिरोधक इंजेक्शन. २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आलंय, दर तीन महिन्यांनी घ्यावं लागतं. मला वाटलं, हे तर दोन तासांचं काम! टेबलमध्ये मोबाईल नंबर आहे, तारीख आहे. क्रॉन जॉब लावला, मराठीत छान मेसेज लिहिला, 'आपल्या अंतरा इंजेक्शनची तारीख जवळ आली आहे, आरोग्य केंद्रात यावे.' टेस्टिंग झालं, डेमो द्यायला गेलो.

समोर एक सीनिअर आशाताई बसल्या होत्या. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "दादा, हा नंबर कुणाचा?"

नंबर नवऱ्याचा होता. एकीचा नाही, जवळजवळ सगळ्यांचाच. घरात फोन एक, तो त्याच्या खिशात, म्हणून फॉर्ममध्ये तोच लिहिलेला. आणि त्या यादीतल्या काहीजणींनी इंजेक्शन घरात न सांगता घेतलं होतं. सकाळी नऊला माझा तो गोड मेसेज त्याच्या फोनवर वाजला असता, आणि मग त्या घरात काय झालं असतं? मेसेज गेले नाहीत, कारण डेमो आधी झाला. एवढंच नशीब. प्लॅनिंग वगैरे काही नव्हतं माझं.

त्यानंतर संस्थेच्या ट्रेनरबाई म्हणाल्या, "तुम्ही एकदा ट्रेनिंगला येऊन बसाच." तर आजचा एपिसोड त्यावर.

आधी थोडं बॅकग्राउंड. आशा कार्यकर्ती हे पद राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलं, २००५ साली. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा. तिचं बरंचसं मानधन कामावर मोजलं जातं, म्हणजे अमुक काम केलं की अमुक रुपये. निवडीचा नियम असा, की बाई त्याच गावात राहणारी हवी आणि शक्यतो लग्न झालेली, विधवा किंवा घटस्फोटित हवी, म्हणजे गाव सोडून जाणार नाही. नियम समजण्यासारखा आहे. पण त्याचा अर्थ नीट बघा. आशा ही बहुतेक वेळा त्या गावची सून असते. जिला वडीलधाऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर सावरावा लागतो, तिनेच दारोदार जाऊन निरोध, तांबी आणि नसबंदीबद्दल बोलायचं. बायकांशी बोलेल ती. पुरुषांशी कशी बोलणार?

आणि निर्णय बऱ्याचदा तिथेच अडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ च्या सर्व्हेत, देशातल्या ३५ टक्के पुरुषांनी मान्य केलं, की गर्भनिरोधन हे बायकांचं काम, पुरुषाने त्याची काळजी करायची गरज नाही. त्याच सर्व्हेत कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेल्या विवाहित बायका ३७.९ टक्के निघाल्या. आणि नवऱ्याने नसबंदी केलेली जोडपी? ०.३ टक्के. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं दशांशचिन्ह चुकलंय.

मेडिकली बघितलं तर हे उलटं असायला हवं होतं. पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी काही मिनिटांत होते, फक्त ती जागा बधिर करून. पोट उघडायचा प्रश्नच नाही. हार्मोन्स तसेच राहतात, ताकद तशीच राहते. साधारण तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्य तपासून घ्यायचं, झालं. तरी 'कमजोरी येते', 'जड कामं जमत नाहीत' हे कट्ट्यावर अजून ऐकू येतं. यात थोडा इतिहासाचाही हात आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात सुमारे ६२ लाख पुरुषांच्या नसबंद्या झाल्या, कित्येक जबरदस्तीने. त्या भीतीनंतर सगळा कार्यक्रम बायकांकडे वळला आणि तिथेच राहिला.

आता ट्रेनिंग. मला वाटलेलं, ट्रेनिंग म्हणजे माहिती: कुठली गोळी कधी, तांबी किती वर्षं चालते, साइड इफेक्ट काय. म्हणून मी हौसेने वीस प्रश्नांची क्विझ बनवून नेली होती. सगळ्या जणींना अठराच्या वर मार्क! मी खूश. ट्रेनरबाई नुसत्या हसल्या. म्हणाल्या, "आता नाटक करू."

दोघी पुढे आल्या. एक सून झाली, एक सासू झाली. तिसरी आशा म्हणून घरी आली. सून कोपऱ्यात उभी, सासू खाटेवर. आशाने पाच मिनिटं जे काही विचारलं, ते सगळं सासूला विचारलं. "किती महिन्यांचं झालं बाळ? पुढचा विचार काय?" सुनेकडे तिने बघितलंही नाही. क्विझमध्ये हिला वीसपैकी एकोणीस होते. टेस्ट केसेस सगळ्या पास, प्रॉडक्शनमध्ये सिस्टीम डाउन!

माझ्या क्विझमध्ये एक प्रश्न होता, ऑपरेशनसाठी नवऱ्याची सही लागते का? सगळ्यांनी बरोबर उत्तर दिलं: नाही. सरकारी मानकांप्रमाणे जिचं ऑपरेशन, तिचीच संमती लागते. गर्भपाताच्या कायद्यातही सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी असते. मग ट्रेनरबाईंनी विचारलं, "प्रत्यक्षात कितीजणी म्हणता, आधी घरी विचारून या?" जवळजवळ सगळे हात वर. कारण? "उद्या तिचा नवरा माझ्याच दारात येईल ना मॅडम." बरोबरच आहे. तिला त्याच गावात राहायचंय.

इथे मला 'लिंगभाव' हा शब्द कळला. आपण जेंडर म्हणतो ते. लिंग म्हणजे शरीर, आणि लिंगभाव म्हणजे त्या शरीरावरून समाजाने ठरवलेले नियम: कोणी बोलायचं, कोणी गप्प बसायचं, मूल झालं नाही तर कोणाकडे बघायचं. हे नियम फक्त त्या घरात नसतात, ते घरी जाणाऱ्या कार्यकर्तीच्या डोक्यातही असतात. म्हणून चांगल्या ट्रेनिंगचा पहिला दिवस तिच्या स्वतःच्या मतांवरच जातो.

एक खेळ होता. भिंतीच्या एका टोकाला 'पटतं', दुसऱ्या टोकाला 'पटत नाही'. वाक्य वाचलं की आपापल्या टोकाला जाऊन उभं राहायचं. 'लग्नानंतर पहिलं मूल लगेच व्हायला हवं.' थोड्या इकडे, थोड्या तिकडे. 'दोन मुलीच असतील तर तिसरा चान्स घ्यावा.' बऱ्याच जणी मध्येच घुटमळल्या. मग आलं, 'नवऱ्याला न सांगता गोळ्या घेणं ही फसवणूक आहे.' खोली सरळ दोन भागांत फुटली. एक काकू मधोमध उभ्या राहून म्हणाल्या, "सुनेने केलं तर फसवणूक. लेकीने केलं तर चांगलं केलं." हशा पिकला. आणि मग एकदम शांतता. ट्रेनरबाईंनी त्यावर काहीही भाष्य केलं नाही, फळ्यावर फक्त ते वाक्य लिहिलं आणि पुढे गेल्या. मी असतो तर दहा मिनिटं लेक्चर दिलं असतं.

दुपारी अंतरा निघालं. या इंजेक्शनने पाळीची गडबड होते, मध्येच डाग दिसतात, पुढे काहींची पाळी येणंच थांबते. शरीराला त्याने धोका नाही, बंद केल्यावर पाळी परत सुरू होते, हे सगळं मॉड्यूलमध्ये आहेच. पण ज्या घरात पाळीला बाजूला बसायची पद्धत आहे, तिथे वीस दिवस डाग म्हणजे वीस दिवस स्वयंपाक कोण करणार यावरून भांडण. आणि पाळी आलीच नाही तर सासू म्हणते दिवस गेले, नाहीतर 'घाण आत साठतेय'. बाई इंजेक्शन सोडते ती अशामुळे. रजिस्टरमध्ये मात्र नोंद होते 'साइड इफेक्टमुळे बंद'. म्हणून आता सराव असा करून घेतात: पहिल्या इंजेक्शनच्या आधीच तिला विचारायचं, की पाळी बदलली तर तुझ्या घरात कोणाला कळेल, कोण काय बोलेल? या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही चार्टवर नसतं, ते फक्त तिला माहीत असतं.

हिंसेबद्दलचे नियम तर अगदी कडक. घरात दुसरं कोणी असताना हा विषय काढायचा नाही. बाईच्या वतीने नवऱ्याला जाब विचारायला जायचं नाही, कारण आशा निघून गेल्यावर मार तिलाच पडतो. घरी चिठ्ठी, कार्ड ठेवायचं का, हे तिला विचारून ठरवायचं. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तो नंबर लिहून न देता पाठ करून घ्यायचा.

आता पुरुषांचं काय? यावर आपल्याच राज्यात एक मोठा प्रयोग झालाय, आणि तो फारसा कोणाला माहीत नाही. नाव चार्म. २०१२ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आजच्या पालघरच्या ग्रामीण भागात, १०८१ तरुण जोडप्यांना घेऊन सुरू झाला. मुंबईची राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्था, पॉप्युलेशन कौन्सिल आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचं सॅन डिएगो कॅम्पस असे तिघे त्यात होते. त्यांनी डोकं असं लावलं, की नवऱ्याशी बोलायला पुरुषच पाठवू, आणि तोही बाहेरचा नको. गावातले जे खाजगी डॉक्टर, वैद्य असतात, ज्यांच्याकडे तो ताप आला तरी जातो, त्यांनाच ट्रेनिंग दिलं. हातात एक फ्लिपचार्ट. दोन बैठका फक्त नवऱ्याबरोबर, तिसरी दोघांना एकत्र बसवून. गर्भनिरोधकांची माहिती होतीच, पण सोबत मुलगाच हवा हा हट्ट, बायकोशी बोलणं, तिच्यावर हात उचलणं, जबरदस्ती करणं, हेही होतं.

निकाल २०१६ मध्ये छापून आले. ज्या वस्त्यांमध्ये या बैठका झाल्या, तिथे आधुनिक गर्भनिरोधकं वापरण्याचे ऑड्स, नऊ महिन्यांनी आणि अठरा महिन्यांनीही, इतर वस्त्यांच्या दीडपटीहून थोडे जास्त निघाले. आणि मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे: अठरा महिन्यांनी बायकांनी सांगितलेल्या लैंगिक जबरदस्तीचे ऑड्स जवळपास निम्मे होते. (ऑड्स म्हणजे थेट टक्केवारी नव्हे, त्यामुळे 'हिंसा पन्नास टक्के कमी' असा फॉरवर्ड कृपया बनवू नका.)

तीन बैठका! माझ्या ऑफिसात एका बटणाच्या रंगावर याहून जास्त मीटिंग होतात.

पण या डिझाइनमध्ये एक भोक होतंच. बायकोशी वेगळं, एकटीशी कोणीच बोलत नव्हतं. म्हणून पुढच्या प्रयोगात, जुन्नर तालुक्यात, १२०१ जोडप्यांबरोबर पाच बैठका ठेवल्या: दोन नवऱ्याच्या पुरुष कार्यकर्त्याबरोबर, दोन बायकोच्या बाई कार्यकर्तीबरोबर, एक दोघांची मिळून. त्यामुळे एकत्र बसायच्या आधी तिला काय बोलायचंय आणि काय बोलायचं नाहीये, हे तिने कोणाला तरी सांगितलेलं असतं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर आपण सगळं ओझं आशाताईंवर टाकतोय. ट्रेनिंग कितीही भारी द्या, मानधन जर ऑपरेशनच्या आकड्यावर मिळणार असेल तर 'तुला काय हवंय' हा प्रश्न विचारायला वेळ कोणाकडे आहे? आणि आरोग्य खात्यात पुरुष आरोग्यसेवक असतात की, त्यांच्या कामात नवऱ्यांशी हे बोलणं का नको? मी ट्रेनिंगला बसलो तेव्हा खोलीत पुरुष एकच होता. तो मी, आणि मी प्रोजेक्टर लावायला आलोय असं सगळ्यांना वाटलेलं.

असो. बगचं काय झालं ते सांगतो. फॉर्ममध्ये तीन बदल केले. 'मोबाईल नंबर'च्या पुढे 'हा फोन कोणाकडे असतो?' असं फील्ड टाकलं. 'मेसेज पाठवायचा का?' हे नवीन टाकलं आणि त्याचं डिफॉल्ट उत्तर 'नाही' ठेवलं. आणि मेसेजमधून अंतरा हा शब्दच काढला, आता फक्त 'आशाताईंना भेटा' एवढंच जातं.

पुढच्या डेमोला मी विचारलं, की बहुतेक जणी 'नाही' म्हणणार, मग त्यांना तारीख कशी कळणार? परत त्याच ताई. म्हणाल्या, "अहो दादा, महिन्यातून एकदा अंगणवाडीत लसीकरण असतं. लेकराला घेऊन ती येतेच. ज्या महिन्यात तिची तारीख, त्या महिन्यात मी तिला म्हणते, बाळाचं वजन जरा परत करू, थांब." मग मी ॲपमध्ये त्या महिन्याच्या लसीकरणाच्या दिवशी ताईंच्या स्वतःच्या फोनवर यादी येईल असं केलं. यादीत नाव बाळाचं असतं.