परसातील कोंबड्या : संख्या किती व जात कोणती?

शेतकऱ्याच्या परसात चार कोंबड्या असणे ही महाराष्ट्रात नवी गोष्ट नव्हे. दिवसभर उकिरड्यावर व खळ्यावर चरणारी आणि सायंकाळी डालग्याखाली झाकली जाणारी कोंबडी घराला फारशी तोशीस देत नाही. तिच्या अंड्यांचा पैसा बहुधा घरच्या गृहिणीच्या हाती राहतो व मीठमिरची, मुलांच्या वह्या अशा अडचणीच्या वेळी उपयोगी पडतो.

सुधारलेल्या जातींची पिल्ले आता सहज मिळतात, त्यामुळे अनेक कुटुंबे उत्साहाने एकदम पंचवीस-पन्नास पिल्ले घेऊन येतात. पिल्ले मोठी होऊ लागली म्हणजे घरचा दाणा पुरत नाही, खुराड्यात दाटी होते, आणि अशा वेळी मानमोडीची साथ आली तर चार-आठ दिवसांत खुराडे रिकामे होते. एकदा असा फटका बसलेले कुटुंब पुन्हा या धंद्याचे नाव काढीत नाही. येथे चूक पुष्कळदा जातीची नसते, क्रमाची असते. आधी जात पसंत केली जाते आणि संख्येचा विचार मागाहून होतो. वास्तविक संख्या प्रथम ठरवावी व तिला साजेशी जात नंतर निवडावी.

संख्या ठरविण्याची रीत

प्रथम घरची गरज पाहावी. आहारतज्ज्ञांच्या शिफारशीप्रमाणे माणशी वर्षाला १८० अंडी, म्हणजे एक दिवसाआड एक अंडे, मिळावे. पाच माणसांच्या कुटुंबास या हिशेबाने वर्षाला ९०० अंडी लागतील. परसात वाढणारी देशी कोंबडी वर्षाकाठी सुमारे ५० ते ६० अंडी देते. म्हणजे ही गरज देशी कोंबड्यांवर भागवावयाची तर १५ ते १८ कोंबड्या पाळाव्या लागतील. वर्षास १६० अंडी देणाऱ्या सुधारित जातीच्या सहा कोंबड्या तेवढेच काम करतात.

दुसरी गोष्ट खाद्याची. मध्यम वजनाच्या अंड्यावरील कोंबडीस रोज १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागते. सहा कोंबड्यांस सरासरीने ६६० ग्रॅम लागेल. समजा, यांपैकी निम्मे, म्हणजे ३३० ग्रॅम, परसातील किडे, गवताचे बी, सांडलेले धान्य व स्वयंपाकघरातील उष्टे-खरकटे यांतून मिळते. मग उरलेले ३३० ग्रॅम, म्हणजे महिन्यास सुमारे १० किलो, घरातून द्यावे लागेल. आता कोंबड्या बारा केल्या तर एकूण खाद्य १,३२० ग्रॅम लागेल, पण परस तेवढेच राहते व खरकटेही तेवढेच निघते. घरातून द्यावयाचा दाणा रोज ९९० ग्रॅम, म्हणजे महिन्यास सुमारे ३० किलो होतो. कोंबड्या दुप्पट झाल्या, पण दाण्याचा खर्च तिप्पट झाला. परसातील कोंबडीपालन फायद्याचे का असते व संख्या वाढताच ते तोट्यात का जाते, याचे मर्म या हिशेबात आहे.

परसाची ही कुवत सुगीच्या दिवसांत मोजू नये. खळ्यावर धान्य सांडलेले असते तेव्हा वीस कोंबड्याही पोसल्या जातील. वैशाखात जमीन उघडी पडते, तेव्हा जेवढ्या कोंबड्या पोट भरू शकतील तेवढीच आपली खरी संख्या समजावी.

तिसरी गोष्ट जागेची. रात्रीच्या निवाऱ्यासाठी दर कोंबडीस दोन चौरस फूट जागा धरावी. चार फूट लांब व तीन फूट रुंद खुराड्यात सहा कोंबड्या सुखाने राहतील. ते जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असावे, म्हणजे ओल लागत नाही व विष्ठा खालून काढता येते. मुंगूस व मांजर यांपासून रक्षण करण्यासाठी दाराची कडी पक्की असावी.

या तिन्ही गोष्टी विचारात घेता लहान परस असलेल्या कुटुंबाने पाच ते आठ कोंबड्यांपासून आरंभ करावा. केवळ खाण्याची अंडी हवी असतील तर कोंबडा पाळण्याची गरज नाही; कोंबड्याशिवायही कोंबडी अंडी देते आणि अशी निर्जीव अंडी अधिक दिवस टिकतात. पिल्ले काढावयाची असल्यास मात्र आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा ठेवावा.

जातीची निवड

देशी कोंबडी काटक असते, शत्रूपासून पळून जाते आणि खुडूक बसून पिल्ले उत्तम सांभाळते. अंडी कमी मिळण्याचे एक कारण हेच आहे. उबवण्यात व पिल्ले वाढविण्यात तिचे बरेच दिवस जातात. तिला हाकलून देऊ नये. सुधारित कोंबड्यांबरोबर एक-दोन देशी कोंबड्या उबवणीसाठी अवश्य राखाव्यात.

व्हाइट लेगहॉर्न ही मूळची इटलीतील जात अंड्यांच्या संख्येत अग्रेसर आहे. परंतु ती बुजरी असते, समतोल खाद्याशिवाय तिचे अंड्यांचे मान टिकत नाही आणि तिचा पांढरा रंग घारीच्या नजरेत लवकर भरतो. पिंजऱ्यातील मोठ्या धंद्यास ती योग्य आहे. मोकळ्या परसास नव्हे.

ऱ्होड आयलंड रेड ही तांबूस रंगाची अमेरिकन जात व ऑस्ट्रालॉर्प ही काळ्या रंगाची ऑस्ट्रेलियन जात, या दोन्ही शांत व अंडी आणि मांस अशा दुहेरी उपयोगाच्या आहेत. त्या शुद्ध जाती असल्याने त्यांच्या पिल्लांत आईबापांचे गुण टिकतात.

हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठी वनराज व ग्रामप्रिया हे वाण तयार केले आहेत. ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांसाठी असून परसात वर्षास १६० ते १८० अंडी देते. वनराज १०० ते ११० अंडी देते, पण वजनाने भारी होते. बंगळूर येथे तयार झालेली गिरिराज हीसुद्धा दुहेरी उपयोगाची आहे. भारी वाणाच्या तलंगांस पोटभर दाणा घालून लठ्ठ करू नये. लठ्ठ कोंबडी अंडी कमी देते व कुत्र्या-मांजरापासून पळू शकत नाही. शिवाय हे वाण संकरित असल्याने घरी काढलेल्या पिल्लांत पहिले गुण पुरते उतरत नाहीत. दर वेळी पिल्ले केंद्रातून नवीन आणणे हिताचे ठरते.

सारांश, अंडी हवी असतील तर ग्रामप्रिया. अंड्यांबरोबर मांसही हवे असेल तर वनराज किंवा गिरिराज. आणि घरीच वंश चालवावयाचा असेल तर ऱ्होड आयलंड रेड किंवा ऑस्ट्रालॉर्प निवडावी.

पिल्ले किती आणावी?

एक दिवसाच्या पिल्लांत नर-मादी मिसळलेली असतात. सहा तलंगा हव्या असतील तर १५ पिल्ले आणावी. त्यांपैकी दोन-तीन दगावली तरी उरलेल्यांत सुमारे सहा माद्या निघतील. नर तीन-चार महिन्यांचे झाले म्हणजे विकून टाकावे. पहिले चार आठवडे पिल्लांना उबेची गरज असते, म्हणून ऐन पावसाळ्यात व कडक उन्हाळ्यात पिल्ले आणू नयेत. उबेची सोय नसल्यास खुडूक देशी कोंबडीखाली रात्रीच्या वेळी पिल्ले सोडावी. बहुधा ती आपलीच मानून सांभाळते. राज्य शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर व नागपूर येथे आहेत.

दुसऱ्या वर्षानंतर कोंबडीची अंडी घटत जातात. यासाठी सर्व कोंबड्या एकदम न बदलता दर वर्षी निम्म्या बदलाव्या, म्हणजे घरात अंड्यांचा खंड पडत नाही.

मानमोडीपासून बचाव

हिरवट हगवण, धाप लागणे, मान वाकडी होणे ही मानमोडीची लक्षणे होत. या रोगावर औषध नाही; लस हाच उपाय आहे. पिल्लू सुमारे सात दिवसांचे असता लासोटा लस डोळ्यात अथवा नाकात थेंब टाकून द्यावी, चौथ्या आठवड्याच्या सुमारास ती पुन्हा द्यावी व आठ ते दहा आठवड्यांच्या दरम्यान आर-टू-बी लस टोचून घ्यावी. देवीच्या लसीविषयी पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.

येथे ग्रामसेवकांच्या साहाय्याची विशेष गरज आहे. लसीची एक कुपी बहुधा शंभर मात्रांची असते. ती बर्फात ठेवावी लागते व एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. सहा कोंबड्यांसाठी एकटे कुटुंब ती आणीत नाही, आणि म्हणून परसातील कोंबड्या लसीवाचून राहतात. एका आळीतील दहा-पंधरा घरांनी दिवस ठरवून कोंबड्या सकाळी डालग्याखालीच अडवून ठेवल्या तर एका कुपीत सर्वांचे काम होते.

बाजारातून आणलेली कोंबडी दोन ते तीन आठवडे वेगळी ठेवावी. अनेक पाखरे अचानक मरू लागली तर ती विकू नयेत, ओढ्यात टाकू नयेत, तर ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा उद्रेक झाला, तेव्हा परसातील कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या होत्या, हे विसरू नये.

पहिल्या वर्षी सहा कोंबड्या नीट सांभाळाव्या, अंड्यांचा व दाण्याचा हिशेब एका वहीत लिहून ठेवावा आणि पुढच्या वैशाखात ती वही पाहूनच संख्या वाढवावी की नाही हे ठरवावे.