हाताने प्रत की बॅकअप सॉफ्टवेअर?

चरकसंहितेतील चिकित्सास्थानाचे १७ अध्याय आणि संपूर्ण कल्पस्थान व सिद्धिस्थान दृढबलाने पूर्ण केले, हे आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत शिकलो. आपल्या संगणकातील रुग्णपत्रके नष्ट झाली, तर ती पूर्ण करावयास कोणी दृढबल येणार नाही.

उचगाव परिसरातील आम्हा वैद्यांना हे सांगावे लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फूट गाठले. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच घडले. तळमजल्यावरील संगणक आणि त्याच मेजाच्या खणातील पेनड्राइव्ह एकाच पाण्यात जातात.

फोल्डर उचलून हाताने प्रत करण्यास खर्च नाही, आणि ती कोणत्याही संगणकावर उघडते. परंतु हात तेवढेच उचलतो, जेवढे मनाला आठवते. रुग्णांची गर्दी असली की तेही राहते. शिवाय औषधालयाचे बिलिंग चालू असताना त्याची फाइल उचलली, तर प्रत सदोष उतरू शकते. बिघडलेली फाइल नकळत जुन्या चांगल्या प्रतीवर बसली, तर दोन्ही गेल्या.

बॅकअप सॉफ्टवेअर ठरलेल्या वेळी केवळ बदललेल्या फाइली घेते, आणि तशी सोय असल्यास मागील आवृत्त्याही राखते. मात्र काही सॉफ्टवेअर सर्व माहिती स्वतःच्याच साच्यात बांधतात. ते सॉफ्टवेअर बंद पडले की गाठोडे सुटत नाही. म्हणून फाइली मूळ रूपात ठेवणारेच घ्यावे. विंडोजमधील ‘रोबोकॉपी’ हे काम विनामूल्य करते, पण त्यास आज्ञा लिहून द्यावी लागते आणि मागील आवृत्त्या ते आपणहून राखत नाही.

आमचे मत असे, की रोजची प्रत सॉफ्टवेअरवर सोपवावी आणि आठवड्याची प्रत हाताने, बिलिंग बंद करून, वेगळ्या डिस्कवर घ्यावी. ती डिस्क संगणकास जोडून ठेवू नये. मे २०१७ मध्ये पसरलेल्या ‘वॉनाक्राय’सारखा विषाणू जोडलेल्या डिस्कवरील फाइलीही कुलूपबंद करतो. डिस्क उंचावरील घरी न्यावी. रुग्णांची गुपिते तीत असतात, तेव्हा तीस पासवर्ड असावा.

तीन महिन्यांतून एकदा ती दुसऱ्या संगणकास जोडून एखादे जुने रुग्णपत्रक उघडावे. युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेल्या मराठी नोंदी तेथे निरर्थक चिन्हांसारख्या दिसू शकतात. तो फाँट कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये नसतो. विंडोजच्या ‘फाँट्स’ फोल्डरमधून त्याची फाइल काढून त्याच डिस्कवर ठेवावी.